आधी पान, मग फुलपाखरू

भुशी म्हटलं की पाणी आठवतं. धरणाच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारं पाणी, त्यात बसून राहिलेली माणसं, काठावर भजी आणि भाजलेली कणसं, आणि थेट लोणावळ्याच्या बाजारापर्यंत लागलेली गाड्यांची रांग. जून, जुलै, ऑगस्ट. पायऱ्या कोरड्या पडल्या की गर्दी ओसरते, आणि उरलेल्या नऊ महिन्यांत भुशीचं काय होतं याची चौकशी कोणी करत नाही. ही पुस्तिका त्या नऊ महिन्यांची आहे. त्यातही भर सप्टेंबर ते डिसेंबरवर, कारण फुलपाखरांचा इथला खरा हंगाम तो.

हा नुसता अंदाज नाही. कृष्णमेघ कुंटे या पुण्याच्या अभ्यासकाने उत्तर सह्याद्रीतल्या चार निरनिराळ्या अधिवासांत फुलपाखरांच्या नोंदी ठेवल्या आणि १९९७ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पावसाळ्याची अखेर आणि हिवाळ्याची सुरुवात या काळात फुलपाखरं संख्येने आणि विविधतेने सर्वाधिक असतात, असं त्यात दिसलं. कारण समजायला सोपं आहे. पहिल्या पावसाने कोवळा पाला फुटतो, तो खाऊन अळ्या वाढतात, आणि ढग विरळ होऊन ऊन पडू लागतं तेव्हा पंख फुटलेली पिढी बाहेर येते. ऊन हवंच. फुलपाखराला उडण्यासाठी छातीतले स्नायू तापवावे लागतात, आणि ती ऊब त्याला बाहेरूनच मिळते. भर जुलैत भुशीच्या धुक्यात ते पानाच्या खालच्या अंगाला उलटं लटकून दिवस काढत असतं.

आता जागेविषयी. भुशीचं धरण बांधलं ते रेल्वेने, एकोणिसाव्या शतकात, बोरघाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. पाणी इंद्रायणीचं, आणि नदीचा उगम इथून जवळच कुरवंड्याकडे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, घाटमाथ्याच्या अगदी कडेला. पश्चिमेला नागफणीचा कडा सुटतो आणि खाली कोकण. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या घरात येतो. म्हणजे लोकलने दीड तासात जाता येईल एवढ्या अंतरात सदाहरित झाडीपासून बोरी-बाभळीच्या माळापर्यंत सगळा उतार पार होतो. घळींतली, सावलीतली, दमट हवेची फुलपाखरं आणि उघड्या गवताळ माळावरची फुलपाखरं या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. पश्चिम घाटात मिळून तीनशे तीसहून अधिक जाती आहेत. आंबोलीसारखी समृद्धी इथे नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण मुंबई-पुण्याच्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

या सोयीचा फायदा जुन्या लोकांनीही घेतला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचे साहेब खंडाळ्याला हवा खायला येऊ लागले. त्यांतल्या काहींच्या हातात जाळी होती. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरांची यादी १८८५ मध्ये छापली. त्याआधी दोनच वर्षं, १८८३ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या आठ संस्थापकांत स्विन्हो होते, साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होते, आणि दोन मराठी डॉक्टरही होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. ही दोन नावं आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो, निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात विसरतो.

स्विन्हो संग्राहक होते. त्यांच्या काळाची रीतच टाचणी आणि पेटीची होती. एटकेन मला जास्त जवळचे वाटतात. त्यांनी, डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने आणि कारवारकडच्या जंगलखात्यातल्या टी. आर. बेल यांनी उत्तर कानडा जिल्ह्यात मेलेली फुलपाखरं जमवण्यापेक्षा जिवंत अळ्या शोधायला सुरुवात केली. कोणती अळी कोणत्या झाडावर, कोष कसा, किती दिवसांचा. सरकारी नोकरी सांभाळून केलेलं हे काम १८९० च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात आलं, आणि बेल यांनी पुढे १९०९ पासून वर्षानुवर्षं ते वाढवत नेलं. आज आपण अमुक फुलपाखरू अमुक झाडावर अंडी घालतं असं सहज म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा या तिघांची पायपीट असते.

आणि एक पुस्तक, जे फुलपाखरांवरचं नाहीच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या फादर सांतापाऊ या स्पॅनिश जेझुइटांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद केली. ‘द फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. या परिसरात फुलपाखरं पाहू इच्छिणाऱ्याने विंटर-ब्लाइथ, आयझॅक किहिमकर, कुंटे यांची पुस्तकं जवळ ठेवावीतच. पण निवड करायची वेळ आली तर मी सांतापाऊ उचलीन.

कारण या पुस्तिकेचं सगळं म्हणणं पानाशी सुरू होतं. फुलावर बसलेलं फुलपाखरू दिसायला सोपं, टिपायला सोपं, पण ते तिथे केवळ प्यायला आलेलं असतं. मध कुठल्याही फुलाचा चालतो. अळीला मात्र कुठलंही पान चालत नाही. बहुतेक जातींना एखाद-दुसरं कुळ, कधी एखादंच झाड लागतं. ते नसेल तर भोवती कितीही फुलं असोत, ती जात तिथे नांदत नाही. मादी अंडं घालण्याआधी पानावर बसते आणि पुढच्या पायांनी ते टपटप ठोकते. तिच्या पायांत चव कळणारी संवेदनांगं असतात. झाडाझुडपांतून एखादं फुलपाखरू फुलांकडे ढुंकूनही न बघता पानापानावर क्षणभर टेकत चाललेलं दिसलं, तर कॅमेरा खाली ठेवा आणि तिच्या मागे हळूच चला. ती तुम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवणार आहे.

आंब्यापासूनच सुरुवात करा, कारण तो लोणावळ्यात प्रत्येक जुन्या बंगल्याच्या आवारात आहे. त्याच्या पानावर मधल्या शिरेला समांतर एक फिकट रेघ दिसली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना हिरवी पिसं पसरल्यासारखी वाटली, तर ती कॉमन बॅरनची अळी. अंगावरची रेघ पानाच्या शिरेवर बरोबर जुळवून ती निपचित पडून असते. बोट दाखवूनही शेजारच्याला दिसत नाही. त्याच आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढलं असेल तर आणखी बरं. बागवान ते कापून टाकतो, पण हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराचं बाळंतपण त्या बांडगुळावरच होतं. मादी पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते, अळ्या घोळक्याने वाढतात. मोठं झालेलं फुलपाखरू वरून पांढरं-काळं आणि पंखांच्या खालच्या अंगाला पिवळं नि लालभडक. पंख मिटून बसलं की नाव कशावरून पडलं ते विचारावं लागत नाही. ते रंग पक्ष्यांना दिलेली ताकीद आहेत. म्हणून त्याला घाई नसते, शेंड्यांवरून ते आरामात तरंगत जातं.

नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, ज्याला कोणी राणी पाकोळीही म्हणतात, २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. असं फुलपाखरू जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पंख पसरल्यावर बारा ते पंधरा सेंटीमीटर, मखमली काळा रंग आणि मागच्या पंखांवर फिकट निळाई. भुशीकडे जाताना सावलीतल्या रस्त्यावरून ते असं डौलात जातं की चालणाऱ्याचे पाय थांबतात. पण त्याची अळी जगते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, आणि जंगलात त्यांतलं महत्त्वाचं म्हणजे काटेरी माकडलिंबू. राज्य फुलपाखराचे फलक उभारणाऱ्यांपैकी कितींनी माकडलिंबू लावलं असेल, असा खवचट प्रश्न मला अधूनमधून पडतो.

पानं ओळखायला कोणाला विचारायचं? पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला रानभाज्या घेऊन बसलेल्या मावशींना. टाकळा, घोळ, भारंगी त्यांच्या टोपलीत असतात. टाकळ्यावर ग्रास यलो ही चिमुकली पिवळी फुलपाखरं वाढतात. भारंगीच्या फुलांवर मोठ्या काळ्या पाकोळ्यांची वर्दळ असते. आणि घोळ, जी कुणीही उपटून फेकतो, तिच्यावर डॅनेड एगफ्लाय म्हणजे छोटा चांदवा वाढतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्याचं नाव गेलं, त्या फुलपाखराचं अन्न आपल्या आमटीत पडतं! त्या मावशींना फुलपाखरांची नावं बहुधा सांगता येणार नाहीत. झाड कुठे उगवतं, कधी कोवळं असतं, कधी संपतं हे त्या सांगतील, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. अर्थात आधी एक जुडी विकत घ्यावी.

छोट्या चांदव्याची गोष्ट अजून संपलेली नाही. त्याचा नर काळा, प्रत्येक पंखावर पांढरा टिपका. मादी वेगळीच: तांबूस नारिंगी, हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी. बिबळ्या कडवा रुईच्या चिकावर वाढलेला, त्यामुळे पक्ष्यांना बेचव आणि बाधक. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला जात नाही. मादी हे उसनं भय अंगावर घालून फिरते. याहून गुंतागुंतीचा प्रकार कॉमन मॉरमॉनचा, जो तुमच्या दारातल्या कढीपत्त्यावरही अंडी घालतो. याच्या माद्या तीन रूपांत येतात. एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमसन रोझसारखी. रोझ मंडळी सापसंदाच्या वेलीवर वाढतात आणि तिचं विष अंगात मुरवतात. आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये या माद्यांची नोंद केली होती. एकाच आईच्या पोटी इतक्या वेगळ्या लेकी कशा, याचं उत्तर मिळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली: ‘डबलसेक्स’ नावाचा एकच जनुक हा सगळा वेष ठरवतो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्या संशोधनाचं नेतृत्व करणारे पुन्हा आपले कृष्णमेघ कुंटे. दारातल्या कढीपत्त्याशी याचा संबंध आहे, हे शाळेत कोणी सांगितलं असतं तर जीवशास्त्राचे तास बरे गेले असते.

लपणाऱ्यांत बादशहा ब्लू ओकलीफ. पंख मिटले की वाळकं पान, देठासकट, मधल्या शिरेसकट, बुरशीच्या डागांसकट. उघडले की निळा झळाळ आणि त्यावर निळसर पांढरा पट्टा. त्याची अळी कारवीसारख्या झुडपांवर पोसली जाते, आणि कारवी या डोंगरउतारांची खूण. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते तेव्हा वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. मधल्या वर्षांत ती नुसती पानं धरून उभी असते, आणि ओकलीफला तेवढं पुरतं.

आता थोडं अरसिक. फुलपाखरांची आवड पाहायची तर फुलांपेक्षा चिखल, शेण आणि सडकी फळं गाठावीत. पावसाळा सरता सरता ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर ब्लूबॉटल आणि एमिग्रंट पंख मिटून ओळीने बसतात आणि सोंड खुपसून पाणी शोषतात. हे बहुतेक नर. त्यांना हवे असतात क्षार, मुख्यतः सोडियम, जो पाल्यात आणि मधात फारसा नसतो. मीलनाच्या वेळी नर तो मादीला देतो आणि अंड्यांना त्याचा उपयोग होतो. ब्लॅक राजासारखी दणकट फुलपाखरं तर मेलेल्या खेकड्यावरही उतरतात. भाजके खेकडे खाऊन कवच ओढ्याकाठी टाकणाऱ्या मंडळींनी नकळत त्यांची पंगत मांडलेली असते. म्हणून कचरा टाकावा असं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोणाला सोडियम मिळत नाही.

ओढ्यांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात अचानक वाढलेल्या पाण्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असेल आणि वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असेल, असं इथे नेहमी होतं. ओल्या वाळूवरचा थवा पाहायचा तो पाऊस पुरता थांबल्यावर, ऑक्टोबरात, आणि तोही पात्रात न उतरता. जून ते ऑगस्ट घरी बसून झाडांची नावं पाठ करावीत.

दिवाळीनंतर माळ वाळू लागतात आणि काही फुलपाखरं कपडे बदलतात. भातखाचरांच्या कडेला संध्याकाळी उडणारं कॉमन ईव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात पंखांवर ठसठशीत डोळे घेऊन जन्मतं. डिसेंबरात जन्मणाऱ्या पिढीचे डोळे जवळजवळ पुसलेले असतात, आणि पंख वाळक्या पानाच्या रंगाचे. जात एकच. अळी-कोषाच्या वयात हवा उबदार-दमट होती की थंड-कोरडी, यावर रूप ठरतं. हिरवळीत ते डोळे भक्षकाचा वार पंखाच्या कडेवर वळवतात. पाचोळ्यात मात्र ते असणंच घातक. त्याची अळी गवतं आणि भाताची पानं खाते, म्हणजे इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्या मावळात तिला अन्नाची ददात नाही. शेतकऱ्याने तिच्यावर राग धरावा इतकं नुकसानही ती सहसा करत नाही.

फेब्रुवारीनंतर मावळातले डोंगर रात्री पेटलेले दिसतात. जाळल्यावर पुढचं गवत जोमाने येतं, हा जुना समज. त्या वणव्यात पाचोळ्यातल्या आणि झुडपांच्या बुंध्यालगतच्या अळ्या-कोषांची राख होते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या उतारावर फुलपाखरं कमी का, याचं उत्तर मार्चमध्येच लिहिलं गेलेलं असतं. दुसरं संकट जास्त सभ्य आहे. सुट्टीच्या बंगल्यांभोवती आयात गवताची हिरवळ, कडेला शोभेची झुडपं, आठवड्याला कातरणी. तिथे घोळ नाही, टाकळा नाही, रुई तर नाहीच. मालकाला फुलपाखरं हवी असतात, अळी दिसली की फवारणी होते. कुंडीत पानफुटी असेल तर तिच्या मांसल पानाच्या आत पोखरत राहणारी रेड पिएरोची अळी पाहायला मिळते. पण पान काळवंडलं म्हणून कुंडीच उचलून फेकली जाते.

घाणेरीबद्दल माझं मत दुटप्पी आहे आणि तसंच राहील. परदेशातून आलेलं हे झुडूप रान गिळतं, त्याखाली देशी रोपं उगवत नाहीत. तरी ऑक्टोबरच्या सकाळी त्याच्यासमोर उभं राहिलं की तासाभरात जितक्या जाती दिसतात तितक्या दुसरीकडे दिसत नाहीत. नवख्याने जरूर उभं राहावं. पण तिथेच रेंगाळू नये. दिंडा, भूतकेस, खुळखुळा यांच्याकडे वळावं. खुळखुळ्याच्या सुकलेल्या शेंगा-देठांना ब्लू टायगरचे नर खरवडताना दिसतात. त्यातली कडू रसायनं त्यांना मादीला भुलवणारा गंध बनवायला लागतात.

साहित्य फार लागत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, पाण्याची बाटली, जवळचं दाखवणारी दुर्बीण, मिळाली तर. वेळ सकाळी नऊ ते अकरा, ऊन नुकतं चढत असताना. फुलपाखरं तेव्हा पंख उघडून शेकत बसतात आणि तुमची सावली त्यांच्यावर पडली नाही तर हातभर अंतरावर येऊ देतात. पंखांना हात लावू नये, खवले निघतात. फोटोसाठी फांदी वाकवू नये. अळी घरी नेऊन वाढवण्याचा मोहही टाळावा. रोज ताजं, तेच पान आणणं दोन दिवसांत कंटाळवाणं होतं, आणि भोगतं कोण हे सांगायला नको. शनिवार-रविवार शक्यतो नकोच. फुलपाखरांना वार कळत नाहीत, घाटातल्या वाहतुकीला कळतात.

आणि नोंद ठेवावी. समाजमाध्यमांवर रोज शेकडो सुंदर छायाचित्रं पडतात, त्यांत फुलपाखराचं नाव असतं, कधी जागाही असते. पण ते काय करत होतं आणि कोणत्या झाडावर, हे क्वचितच सापडतं. ‘नीलवंत, भुशी’ एवढ्याने काही कळत नाही. ‘नीलवंताची मादी, सकाळी दहा, माकडलिंबाच्या कोवळ्या पानावर एक अंडं’ ही नोंद बेल-एटकेन यांच्या वहीत शोभली असती. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरी पानं ठेवली आहेत: तारीख, वेळ, झाड, आणि काय चाललं होतं. झाडाचं शास्त्रीय नाव येत नसेल तर गावात जे म्हणतात ते लिहा. कुरवंड्यात एक नाव आणि मळवलीत दुसरं निघालं, तर दोन्ही लिहा, आणि सांगणाऱ्याचं गावही.